संगणक डोमेनमधून तुटला, आरोपपत्र मात्र कर्मचाऱ्याला

(रायपूर येथे शाखा सचिवांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या वाट्याला आलेला विषय वाचून सकाळी आपल्यातले काहीजण हसले, हे मी पाहिले. युनियनच्या सचिवाने बदल्या, बढत्या, क्वार्टर, ओव्हरटाइम यांवर बोलावे. कार्यालयातला संगणक नेटवर्कला परत का जोडला जात नाही, हे त्याने कशाला सांगावे? त्यातून मी मॅट्रिक. वॅगन रिपेअर शॉपमध्ये खलाशी म्हणून लागलो तेव्हा रायपूर दक्षिण-पूर्व रेल्वेत होते. हातात हातोडा होता आणि संगणक म्हणजे दिल्ली-मुंबईच्या आरक्षण खिडकीत असतो, एवढेच ऐकून माहीत होते. २००३ साली बिलासपूरला नवा झोन झाला, रायपूर वेगळा विभाग झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत टेबलाटेबलावर संगणक येऊन बसले. ते कसे चालतात हे मला कुणी शिकवले नाही. मला ते शिकावे लागले एका आरोपपत्रामुळे.

ती हकीकत मी सांगणार आहे. कार्यालय कोणते, खाते कोणते, साल कोणते, हे सांगणार नाही. ज्यांच्याविषयी बोलतो आहे त्या दोघांनाही विचारून बोलतो आहे.

आपली एक सभासद भगिनी आस्थापना शाखेत लिपिक. रजेचे हिशेब, सेवापुस्तके, निवृत्त होणाऱ्यांची कागदपत्रे तिच्याकडे. शस्त्रक्रियेसाठी ती चार महिने वैद्यकीय रजेवर गेली. परत येऊन कामावर हजर झाली, संगणक चालू केला, नाव आणि पासवर्ड टाकला, तर पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य आले. त्याचा मराठीत अर्थ असा की, हा संगणक आणि मुख्य डोमेन यांच्यातील विश्वासाचा संबंध तुटला आहे. तिला वाटले आपला पासवर्ड चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावर बसून तोच पासवर्ड टाकला तर संगणक उघडला. म्हणजे बाईंना आत यायची परवानगी होती, त्यांच्या संगणकाला नव्हती.

हे डोमेन म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. ज्यांनी वर्कशॉपमध्ये नोकरी केली आहे त्यांना लगेच समजेल. शॉपच्या गेटवर टाइम ऑफिस असते. प्रत्येक कामगाराचा टिकट नंबर तिथे नोंदलेला. शॉपमध्ये कोण येऊ शकतो, कोणत्या सेक्शनला जाऊ शकतो, स्टोअरमधून काय काढू शकतो, हे सगळे त्या एका नोंदीवर ठरते. मोठ्या कार्यालयात हेच काम एक सर्व्हर करतो. त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात आणि त्याच्या हजेरीपटावर असलेल्या सगळ्या परिवाराला डोमेन. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या या व्यवस्थेला अॅक्टिव्ह डिरेक्टरी असे नाव आहे. माणसांची नावे तिथे असतातच, पण आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसते की संगणकाचेही नाव त्या पटावर असते. टेबलावरचे ते खोके स्वतः एक कर्मचारी आहे असे समजा. त्याचा स्वतःचा पासवर्ड असतो. तो आपण ठेवत नाही, आपल्याला दिसतही नाही. संगणक आणि सर्व्हर दोघे मिळून तो ठरवतात, आणि वेगळे काही सांगितले नसेल तर दर ३० दिवसांनी संगणक तो बदलतो.

रेल्वेच्या बांधवांना मी एकेरी मार्गावरच्या नील्स टोकनची आठवण करून देतो. दोन स्टेशनांवर दोन यंत्रे, विजेने एकमेकांशी बांधलेली. इकडून गोळा काढायचा तर तिकडच्या यंत्राने साथ दिली पाहिजे. एक गोळा बाहेर असताना दुसरा निघत नाही. गोळा हरवला किंवा दोन यंत्रांचा मेळ चुकला, की स्टेशन मास्तर कितीही हुशार असो, गोळा निघायचा नाही. मग पेपर लाइन क्लिअरवर गाड्या चालवा आणि सिग्नलच्या मेंटेनरला बोलवा. यात ड्रायव्हरचा दोष असतो का? तो तर इंजिनात बसून वाट पाहत असतो. आमची लिपिक भगिनी त्या ड्रायव्हरच्या जागी होती.

आता पुढे काय झाले ते ऐका. नेटवर्क पाहणारे एक गृहस्थ आले. त्यांनी सरधोपट उपाय केला: संगणकाला डोमेनमधून बाहेर काढायचे, सुटा करायचे, आणि पुन्हा आत घ्यायचे. पुष्कळ वेळा याने काम होते. पण बाहेर काढून संगणक पुन्हा चालू केल्यावर कळले की आता त्यात शिरण्यासाठी त्या खोक्याचा स्वतःचा, स्थानिक अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो, आणि तो कुणालाच ठाऊक नाही! घराबाहेर पडून दार ओढून घेतले आणि किल्ली आत राहिली, तसे झाले. अर्धा दिवस यात गेला. शेवटी ठेकेदाराकडचा एक मुलगा होता, त्याला तो पासवर्ड आठवला.

मग पुन्हा आत घेण्याचा प्रयत्न. संगणक म्हणतो, डोमेन सापडत नाही. केबल ठीक, दिवा लुकलुकतो आहे, इंटरनेट चालू आहे, आणि डोमेन सापडत नाही! कारण पुढे कळले. संगणक सर्व्हरला नावाने शोधतो आणि नावावरून पत्ता सांगायला डीएनएस नावाची एक पत्त्यांची वही असते. कार्यालयाच्या डोमेनचा पत्ता फक्त कार्यालयाच्या वहीत असतो. या संगणकात मात्र बाहेरच्या इंटरनेट कंपनीच्या वहीचा नंबर भरलेला होता. त्या वहीत जगातली सगळी संकेतस्थळे सापडतील, आपल्या कार्यालयाचा सर्व्हर सापडणार नाही. बाहेरगावच्या माणसाला भर बाजारात आपल्या गल्लीतल्या काकूंचे घर विचारण्यातला प्रकार. पाच मिनिटांत दुरुस्त होणारी गोष्ट, पण कळायला एक दिवस लागला.

तेवढ्यात घड्याळाने अडवले. संगणकाच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, बंद असतानाही वेळ चालू ठेवणारी. चार महिन्यांत ती बसली होती आणि संगणक २०१६ च्या जानेवारीत जाऊन बसला होता. डोमेनची ओळख पटवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात संगणकाचे आणि सर्व्हरचे घड्याळ साधारण ५ मिनिटांच्या आत जुळावे लागते. न जुळले तर ओळखपत्र शिळे समजून परत केले जाते. आपल्या रेल्वेच्या जनरल रूल्समध्ये रोज १६ वाजता सगळीकडे प्रमाण वेळ कळवायचा नियम आहे. तो नियम करणाऱ्या जुन्या लोकांना हे बरोबर कळले होते. दोन टोकांची घड्याळे जुळली नाहीत तर विश्वासाने गाडी सोडता येत नाही.

बॅटरी बदलली, घड्याळ लावले, आणि तिसरा अडथळा आला. सर्व्हर म्हणाला, या नावाचे खाते पटावर आधीच आहे आणि ते पुन्हा वापरायला सुरक्षा धोरणाने बंदी आहे. पूर्वी असे होत नसे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी एक बदल केला. तेव्हापासून जुन्या संगणकाच्या नावावर परत आत यायचे असेल, तर ज्याने ते खाते मुळात उघडले त्यानेच ते करावे, किंवा ते खाते डोमेनच्या मुख्य अॅडमिनिस्ट्रेटरने उघडलेले असावे, असा दंडक झाला. मार्च २०२३ मध्ये भरवशाच्या मालकांची यादी ठरवून देण्याची सोय त्यात आली, पण ती यादी कुणीतरी बसून भरायला हवी. इथे खाते उघडणारे अधिकारी केव्हाच बदलून दुसऱ्या राज्यात गेलेले, आणि त्यांच्या नावाची मालकी सर्व्हरवर तशीच. रेल्वेत आपण चार्ज घेतो-देतो तेव्हा कपाटाच्या किल्ल्यांचीही यादी करून सह्या घेतो. संगणकाच्या पटावरच्या मालकीचा चार्ज मात्र कुणी दिला नाही, कुणी घेतला नाही.

बदलाला मी दोष देत नाही. दुसऱ्याच्या टिकट नंबरवर भलताच माणूस शॉपमध्ये शिरू नये म्हणून ते कुलूप आहे. माझे म्हणणे एवढेच की कुलूप बदलले तेव्हा किल्ली कुणाकडे आहे हे लिहून ठेवायला हवे होते.

या सगळ्यात तीन दिवस गेले. महिनाअखेर होती. त्या महिन्यात निवृत्त होणाऱ्या एका शिपायाची कागदपत्रे अडकली. त्याच्या मुलीचे लग्न ठरलेले, ग्रॅच्युइटीवर त्याने हॉलवाल्याला तारीख दिलेली. तो रोज येऊन बाईंच्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचा. काही बोलायचा नाही, नुसता बसायचा. बाई मला म्हणाल्या, "भाऊ, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते."

आणि चौथ्या दिवशी बाईंच्या हातात किरकोळ शिक्षेचे आरोपपत्र पडले. आरोप दोन. पहिला, त्यांनी रजेच्या काळात संगणक सलग बंद ठेवून तो डोमेनमधून तुटू दिला. दुसरा, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये परस्पर बदल केले.

बंधू-भगिनींनो, पहिला आरोप पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. लोक समजतात की ३० दिवसांनी पासवर्ड बदलतो म्हणजे ३० दिवस संगणक बंद राहिला की नाव आपोआप कटते. तसे नाही. तो पासवर्ड बदलण्याची सुरुवात संगणक करतो, सर्व्हर करत नाही. संगणक बंद आहे तर बदल होतच नाही. सर्व्हरकडेही जुनाच राहतो, संगणकाकडेही जुनाच राहतो, आणि चार महिन्यांनी चालू केला तरी दोघांचा मेळ बसतो. मग संबंध तुटतो कशाने? एक, संगणकात त्याची जुनी प्रत पुन्हा भरली, तर पासवर्डही जुना येतो, आणि सर्व्हर तर पुढे गेलेला असतो. दोन, त्याच नावाने दुसरा संगणक पटावर चढवला. तीन, बरेच दिवस न दिसलेल्या संगणकांची नावे पटावरून काढून टाकण्याची मोहीम कुणीतरी चालवली. या तिन्ही गोष्टी करायला अॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो किंवा त्याचा हुकूम लागतो. लिपिकाकडे तो नसतो. आणि जो संगणक बंद ठेवण्याचा आरोप, तो रजेवर असलेल्या माणसाने चालू ठेवायचा कसा, हे विचारायला संगणकाचे ज्ञानही लागत नाही.

पण हे मला त्या दिवशी माहीत नव्हते. मी आपल्या नेहमीच्या पद्धतीने उत्तर लिहायला बसलो होतो: कर्मचारी प्रामाणिक आहे, सेवा निष्कलंक आहे, सहानुभूतीने विचार व्हावा. रात्री नऊच्या सुमारास दारावर थाप पडली. ठेकेदाराकडचा तोच मुलगा. धमतरीकडचा. छत्तीसगढीत काकाला कका म्हणतात, तसा तो मला कका म्हणतो. आत येऊन बसेना. उभ्याउभ्याच म्हणाला, "कका, बाईंनी काही केलेले नाही. ते मी केले."

मग त्याने सांगितले. बाई रजेवर असताना बदली माणूस त्या संगणकावर काम करायचा. संगणक फार सावकाश चालतो अशी तक्रार झाली. वरून फोन आला, जुनी प्रत टाकून दे. संगणक नवा असताना काढून ठेवलेली दीड वर्षापूर्वीची प्रत याने त्यात भरली. त्या प्रतीत बाहेरच्या डीएनएसचा नंबर होता, कारण तेव्हा तो संगणक डोमेनमध्ये घेतल्यावर पुन्हा काही दिवस सुट्या इंटरनेटवर चालवला होता. प्रत भरल्यावर डोमेनने आत घेतले नाही. याने फोन करून सांगितले. उत्तर मिळाले, राहू दे, बाई आल्यावर बघू. संगणक बंद झाला, तो बाई येईपर्यंत बंद राहिला. लेखी काही नाही. देखभालीची नोंदवही नाही. सगळा कारभार फोनवर.

मी म्हटले, "हे लिहून देशील?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "लिहून दिले तर उद्या गेटपास जमा करतील." खरे होते. ठेकेदाराचा मुलगा, रोजावर, त्याला ना आरोपपत्र ना अपील. आपल्या पक्क्या कर्मचाऱ्याला वाचवायला त्याचे नाव घेतले असते तर बाई सुटल्या असत्या आणि तो दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आला असता. आणि प्रशासनाला तेच सोयीचे झाले असते. मी त्याला म्हटले, बस, चहा घे, आणि मला हे यंत्र नीट समजावून सांग. रात्री साडेबारापर्यंत तो सांगत होता आणि मी वहीत लिहीत होतो. आज तुम्हाला जे सांगतो आहे ते बहुतेक त्या वहीतले आहे.

त्याने मला एक गोष्ट सांगितली जिच्यावर सगळे प्रकरण फिरले. संगणक दाराशी येतो आणि त्याचा पासवर्ड जुळत नाही, तेव्हा डोमेन कंट्रोलर त्याची नोंद स्वतःच्या रोजनिशीत करून ठेवतो. कोणता संगणक, कोणती तारीख, किती वाजता. आणि सर्व्हरचे घड्याळ बरोबर असते. म्हणजे संबंध कोणत्या दिवशी तुटला हे सर्व्हरच सांगेल, कुणा माणसाने साक्ष द्यायची गरज नाही. पण ती रोजनिशी ठरावीक आकाराची असते. भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. तेव्हा उशीर करू नका, असे तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहानुभूतीचे पत्र बाजूला ठेवले आणि चार ओळींचे पत्र दिले. डोमेन कंट्रोलरच्या गेल्या पाच महिन्यांच्या नोंदी आजच जतन कराव्यात आणि त्यांची प्रत द्यावी. या संगणकाचे खाते सर्व्हरवर कुणी, केव्हा उघडले आणि त्याचा पासवर्ड शेवटचा केव्हा बदलला, ते सांगावे. संगणकातील नेटसेटअप नावाच्या नोंद-फाइलची प्रत द्यावी. डोमेनमध्ये घेण्याचा आणि बाहेर काढण्याचा प्रत्येक प्रयत्न विंडोज त्या फाइलमध्ये लिहून ठेवते. आणि शेवटी, कर्मचाऱ्याच्या लॉगइनला त्या संगणकावर अॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार होता काय, हो किंवा नाही. त्या मुलाचे नाव पत्रात कुठेही नव्हते. देखभालीची नोंदवही दाखवावी, एवढेच लिहिले.

कागद हातात यायला वेळ लागला. दोनदा सांगितले गेले की अशा नोंदी गोपनीय असतात. पण आल्या तेव्हा चित्र स्वच्छ होते. सर्व्हरने पहिली न जुळल्याची नोंद केली होती त्या दिवशी बाई रुग्णालयात दाखल होत्या. डिस्चार्ज कार्ड आमच्याकडे होतेच. नेटसेटअपच्या फाइलमध्ये गंमत निघाली. घड्याळ बिघडलेल्या अवस्थेत केलेले प्रयत्न २०१६ च्या जानेवारीत नोंदले गेले होते. एका साहेबांनी तेवढ्यावर बोट ठेवले, हा संगणक जुन्या काळापासूनच कुणीतरी बिघडवत होता. मी म्हटले, साहेब, २०१६ मध्ये बाईंची भरतीच झाली नव्हती, आणि हा संगणकही विकत घेतलेला नव्हता. खोलीतले सगळे हसले. साहेबही हसले, हे त्यांच्याविषयी चांगले सांगायला हवे. अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराच्या प्रश्नाला उत्तर आले, नाही. ज्याला सेटिंग बदलता येतच नाही त्याने सेटिंग बदलली, हा आरोप तिथेच संपला.

आरोपपत्र रद्द झाले. सगळे मात्र भरून आले नाही. जुनी प्रत भरताना बाईंनी त्या संगणकात दीड वर्ष जमवलेली सेवा-पडताळणीची याद्यांची फाइल पुसली गेली होती आणि ती परत मिळाली नाही. त्या शिपायाचे काम बाईंच्या हाताने लिहिलेल्या रजिस्टरवरून पुरे केले गेले. लोक त्या रजिस्टरला हसत असत. पैसे महिनाभर उशिरा आले. लग्न उसनवारीवर झाले. तो मुलगा पुढे दुसऱ्या शहरात पक्क्या नोकरीला लागला, म्हणून आज मी हे बोलू शकतो.

आता कुणी म्हणेल, एका टेबलाची एवढी कथा कशाला. तर एक मोठी गोष्ट सांगतो. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक त्यात बसले. मुंबईजवळ न्हावा शेवा बंदरात या समूहाचे एक टर्मिनल आहे. तिथला कारभार ठप्प झाला, कंटेनर हाताने, कागदावर हलवायची पाळी आली. कंपनीचे टाइम ऑफिसच जळाले होते असे समजा. जगभर दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर होते, सगळे एकमेकांची प्रत ठेवणारे, आणि सगळे एकदम गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेत घानामध्ये. का वाचला? त्या वेळी तिथे वीज गेलेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून सुटा राहिला! त्या एका यंत्रातली नोंद माणसांनी हातोहात इंग्लंडला नेली आणि त्यावरून सगळा पट पुन्हा उभा केला. सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. लोडशेडिंगला आपण आयुष्यभर शिव्या दिल्या, तिचा असाही उपयोग झाला. पण माझ्या मनात राहिले आहे ते न्हावा शेव्याच्या गेटवर कागद-पेन घेऊन उभे राहिलेले लोक. पट हरपला तेव्हा माल हलवण्याचे काम त्यांच्याच हातांवर आले.

तेव्हा उद्या आपल्या शाखेत असा संगणक अडला, तर शाखा सचिवाने काय बघायचे? दुरुस्ती आपण करायची नाही, तो आपला अधिकार नाही. पण दुरुस्ती करणाऱ्याला योग्य प्रश्न विचारता आले पाहिजेत. संगणक डोमेनबाहेर काढण्याआधी विचारा, स्थानिक अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड हातात आहे का. नसेल तर बाहेर काढू देऊ नका. पुष्कळदा बाहेर न काढताही अधिकारी माणूस सर्व्हरशी तुटलेला मेळ जागच्या जागी बसवू शकतो. महत्त्वाच्या फाइली आत अडकल्या असतील तर नेटवर्कची केबल काढून नेहमीच्या नावाने आत जाऊन बघायला सांगा. त्या संगणकावर आधी काम केलेल्या शेवटच्या काही लोकांची ओळख विंडोज स्वतःजवळ राखून ठेवते आणि केबल नसताना तेवढ्यावर आत घेते. जुनी प्रत भरून झाली असेल तर मात्र याचा उपयोग नाही, हे आमच्या प्रकरणात दिसलेच. मग डीएनएसचा नंबर कार्यालयाच्या सर्व्हरचा आहे का, घड्याळ आणि तारीख बरोबर आहे का, हे दोन्ही बघायला काही लागत नाही. त्यानंतर सर्व्हरवरचे खाते: आहे की काढले, बंद केले आहे का, मालक कोण. कुणी म्हणाले जुने खाते पुसून टाकतो, तर थांबवा. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची सुटकेची किल्ली पुष्कळ ठिकाणी त्याच खात्याखाली ठेवलेली असते. खाते पुसले तर किल्लीही जाऊ शकते. आणि ठेकेदाराने विंडोजची होम आवृत्ती बसवून दिली असेल तर सगळे प्रश्न व्यर्थ. ती डोमेनमध्ये जातच नाही.

आरोपपत्र आले तर? रेल्वेत १९६८ च्या शिस्त व अपील नियमांखाली किरकोळ शिक्षेचा एसएफ-११ येतो, केंद्राच्या इतर खात्यांत १९६५ च्या नियमांतला नियम १६ लागतो. एसएफ-११ ला उत्तर द्यायला साधारण १० दिवस मिळतात, आणि किरकोळ शिक्षेत बहुधा चौकशी बसत नाही. म्हणून पहिले उत्तर हेच आपले शेवटचे उत्तर ठरू शकते. त्यातले पहिले दोन दिवस नोंदी जतन करण्याचे पत्र देण्यात घालवा, बाकीचे युक्तिवादात. कर्मचाऱ्याकडून आधीच 'माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही' असे लिहून घेतात, ते लिहू देऊ नका. आमच्या बाईंनी भीतीने ते लिहायला घेतले होते. अर्धे पान लिहूनही झाले होते.

आणि ज्या मुलाने हे सगळे मला शिकवले त्याच्यासारख्या ठेक्यावरच्या मुलांसाठी आम्ही एकच मागणी लावून धरली. फोनवरच्या हुकुमाने कुठल्याही संगणकाला हात लावायचा नाही, नोंदवहीत हुकूम देणाऱ्याची सही हवी. नोंदवही सुरू झाली आहे. पहिले दोन महिने 'हुकूम देणारा' हा रकाना रिकामाच होता. आता त्यात आद्याक्षरे येऊ लागली आहेत, पूर्ण सही अजून येत नाही. त्याचा पाठपुरावा चालू आहे.

नोंदी मागण्याच्या पत्राचा नमुना आणि त्या नोंदवहीचे रकाने छापून मागच्या टेबलावर ठेवले आहेत. प्रत्येक शाखेने दोन-दोन प्रती घ्याव्यात. चहानंतर प्रश्न घेऊ.